शेवटची ओळ वाचून मार्कशीट मिटू नका

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या सत्कार कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज इथे ज्यांचा सत्कार झाला त्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. ट्रॉफी घरी न्या, शोकेसमध्ये ठेवा, पाहुण्यांना दाखवा. तुम्ही ती कमावलीय.

मला आयोजकांनी सांगितलं होतं, "मुलांना करिअरबद्दल दोन शब्द सांगा. आयटीत जायचं कसं, पगार किती मिळतो." ते तुम्हाला मोबाईलवर सापडेल. मी आज ज्या दिवशी सत्कार नसतो त्या दिवसाबद्दल बोलणार आहे. कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो, तो दिवस. त्या दिवशी स्टेज नसतं, हार नसतो, मोबाईलवर एक पीडीएफ येते. आणि ती पीडीएफ नीट वाचता न आल्यामुळे आपल्यातली किती मुलं-मुली शिक्षणातून उठतात, ते मी जवळून पाहिलंय.

जवळून म्हणजे किती जवळून, ते आधी सांगतो. त्यात चूक माझी आहे.

माझ्या फुफूची मुलगी. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. याच गावातून सोलापूरला एसटीने जाऊन पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली होती. आमच्या खानदानात तिच्याआधी कुठलीही मुलगी तिथवर गेली नव्हती. त्या वर्षी फुफा पंधरा दिवस सिव्हिलला अ‍ॅडमिट होते. ही रोज डबा घेऊन जायची, रात्री तिथेच थांबायची. वार्षिक परीक्षा तिने दिली. निकाल लागला. सायबर कॅफेतून प्रिंट काढून ती माझ्याकडे आली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातला सगळ्यात शहाणा माणूस! म्हणाली, "भैया, देख ना जरा."

मी प्रिंट हातात घेतली. सगळ्यात खाली पाहिलं. तिथे "फेल" लिहिलं होतं. मी म्हणालो, "फेल है. साल गया. अब अगले साल देना पडेगा."

एवढंच बोललो. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. फुफू दारात उभी होती, तिने ऐकलं. पुढच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. निकाह झाला, मुलं झाली.

बऱ्याच वर्षांनी एका पतसंस्थेत जागा निघाली. पदवी हवी होती. तिने पेटीतून तीच प्रिंट काढली आणि मला पुन्हा दाखवली. या वेळी मी वरून खाली वाचली. सगळ्या विषयांत पास. एकाच विषयात, आणि त्यातही एकाच रकान्यात, दोन अक्षरं होती: एबी. अ‍ॅबसेंट. तो रकाना होता अंतर्गत गुणांचा. त्याच विषयाच्या लेखी परीक्षेत ती चांगल्या गुणांनी पास होती. सिव्हिलमधल्या त्या पंधरा दिवसांत वर्गातली चाचणी झाली होती आणि प्रकल्प जमा करायची तारीख निघून गेली होती. बस्स, एवढंच राहिलं होतं.

मी कॉलेजात गेलो. तिथल्या बाबूंनी जुनं रजिस्टर काढून पाहिलं. ते चांगलं बोलले. म्हणाले, "तेव्हा आला असता, तर एक अर्ज आणि हॉस्पिटलचा कागद पुरला असता. पुढच्या बॅचबरोबर चाचणी घेतली असती. आता तो अभ्यासक्रमही बंद झाला आणि मुदतही संपली."

ती नापास नव्हती. तिचं काम अपुरं होतं. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मला, घरातल्या शिकलेल्या माणसाला, दिसला नाही. म्हणून आज मी मार्कशीट कशी वाचायची ते सांगायला उभा आहे.

शाळेचा निकाल आणि कॉलेजचा निकाल

शाळेत निकाल म्हणजे एक शब्द: पास किंवा नापास. नापास म्हणजे मागे राहणं. आपल्या आई-वडिलांच्या डोक्यात तोच अर्थ पक्का बसलाय. कॉलेजचा निकाल तसा नसतो. तो किराणा दुकानाच्या खातेवहीसारखा असतो. प्रत्येक विषयाचं वेगळं खातं, आणि प्रत्येक खात्यात दोन-तीन नोंदी. एका खात्यात बाकी राहिली म्हणून दुकान बंद होत नाही.

आता क्रेडिट पद्धत समजून घ्या. एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा तास वर्गातलं शिकवणं किंवा तीस तास प्रॅक्टिकल. चार क्रेडिटचा विषय दोन क्रेडिटच्या विषयाच्या दुप्पट वजनाचा. प्रत्येक विषयात गुणांवरून श्रेणी मिळते. यूजीसीची दहा अंकी पद्धत अशी आहे: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि एफ म्हणजे शून्य. गैरहजर असलात तरी शून्यच. विद्यापीठागणिक अक्षरं थोडी बदलतात, हिशेब तोच राहतो.

हिशेब करून बघू. समजा एका सेमिस्टरला चार-चार क्रेडिटचे चार विषय आणि दोन-दोन क्रेडिटची दोन प्रॅक्टिकल आहेत. एकूण २० क्रेडिट. तुम्हाला तीन विषयांत ए, बी प्लस आणि बी मिळाले. म्हणजे ३२, २८ आणि २४. दोन प्रॅक्टिकलमध्ये ए प्लस आणि ए, म्हणजे १८ आणि १६. गणितात एफ, म्हणजे शून्य. बेरीज ११८. भागिले २०. उत्तर ५.९. हा झाला तुमचा एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी. आता पुढच्या परीक्षेत गणित काठावर, पी श्रेणीत सुटलं, तर त्याचे १६ मिळतील. बेरीज १३४, आणि सरासरी ६.७.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, गणितात एफ आला तरी बाकीची सोळा क्रेडिट तुमच्या नावावर जमा आहेत. ती तुमच्याकडून कुणी काढून घेत नाही. दुसरी, काठावर पास झालात तरी सरासरी ५.९ वरून ६.७ वर जाते. म्हणजे त्या एका विषयामागे लागणं किती मोलाचं आहे ते बघा. काही विद्यापीठं सगळे विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत. तो रकाना रिकामा दिसला की घाबरू नका.

आणि टक्केवारी काढताना सरासरीला मनाने दहाने गुणू नका. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के धरलेत. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र वेगळं असू शकतं, ते मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा वेबसाइटवर मिळतं. नोकरीच्या फॉर्मवर चुकीची टक्केवारी लिहिली तर पुढे कागद तपासताना अडचण तुम्हालाच येते.

अपुरं राहण्याचे चार प्रकार

आता मुद्द्याचं. मार्कशीटवर खाली "फेल" किंवा "एटीकेटी" दिसलं की आधी वर जा आणि कारण शोधा. माझ्या कामात नवीन पोरं प्रोग्राम चालवतात, स्क्रीनवर लाल अक्षरं येतात, आणि ती घाबरून विंडो बंद करतात. मी त्यांना सांगतो, अरे, चूक कुठल्या ओळीत आहे ते त्या लाल अक्षरांतच लिहिलंय. मार्कशीटचंही तसंच आहे.

पहिला प्रकार, लेखी परीक्षेत कमी गुण. याला वाट दोन. पेपर नीट तपासला गेला नाही असं वाटत असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. नाहीतर पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरा. फोटोकॉपी मागताना आपण काही उपकार मागत नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितलंय की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे. आणि तपासणीत चुका होतात का? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पहिल्यांदाच सगळे पेपर कॉम्प्युटरवर तपासायला घेतले. निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि त्यापायी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, म्हणून सांगतो, मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फक्त या अर्जांची मुदत फार थोड्या दिवसांची असते. रडायला एक दिवस घ्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जा.

दुसरा प्रकार, अंतर्गत गुण. चाचणी, असाइनमेंट, जर्नल, टर्मवर्क, ओरल. कुठे अंतर्गत-लेखी २०-८०, कुठे ३०-७०, कुठे ४०-६०. बऱ्याच ठिकाणी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. म्हणजे लेखीत सत्तरपैकी पन्नास मिळाले तरी अंतर्गतमध्ये गैरहजर असाल तर विषय अडकतो. ही बाकी विद्यापीठाच्या दारात नसते, तुमच्या कॉलेजात, तुमच्या विभागप्रमुखांच्या टेबलावर असते. फुफूच्या मुलीची बाकी अशीच होती.

तिसरा प्रकार, हजेरी. साधारण ७५ टक्के हजेरीची अट असते. ती भरली नाही तर टर्म मंजूर होत नाही, परीक्षेलाच बसता येत नाही. गावाकडच्या मुलांची खरी अडचण इथे आहे. अक्कलकोटहून येणारी सकाळची एसटी भरून येते. कधी थांबते, कधी नाही. पहिला तास रोज बुडतो. वर्षाच्या शेवटी कळतं की त्या एका विषयात हजेरी साठ टक्केच आहे. याला इलाज शेवटी नसतो, आधी असतो. दर महिन्याला हजेरी विचारा. आजारी पडलात तर मेडिकल सर्टिफिकेट त्याच आठवड्यात जमा करा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही. लग्न झालेल्या बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना बाळंतपणाची रजा आणि हजेरीत सवलत मिळावी म्हणून नियम करा, असं यूजीसीने २०२१ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठांना कळवलंय. पोटुशी आहे म्हणून कॉलेज सोडावं लागत नाही. आधी अर्ज करावा लागतो.

चौथा प्रकार, निकाल राखून ठेवलेला. यात तुमच्या अभ्यासाचा काहीच संबंध नसतो. फी बाकी असते, क्रेडिट बँकेचा आयडी जोडलेला नसतो, किंवा पात्रतेचा कागद राहिलेला असतो. आपण सीमेवरची माणसं. इथली कितीतरी मुलं कर्नाटकात पीयूसी करून सोलापूरला पदवीला येतात. त्यांना तिकडच्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते दिलं नाही तर निकाल अडतो, आणि पोरगं गावात सांगत फिरतं की मी नापास झालो!

एटीकेटी म्हणजे शिवी नाही

आपल्याकडे "त्याला केटी लागली" हे वाक्य त्याला काहीतरी रोग झाल्यासारखं म्हणतात. एटीकेटीचा अर्थ काय? अलाउड टू कीप टर्म्स. पुढची टर्म चालू ठेवायला परवानगी. नापास झाल्याची शिक्षा म्हणून ही लावलेली नाही, वर्ष वाचवायची ती सवलत आहे. किती विषय राहिले तर पुढच्या वर्गात जाता येतं ते प्रत्येक अभ्यासक्रमाचं वेगळं. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षात जायचं तर पहिल्या वर्षाचं सगळं सुटलेलं लागतं. म्हणून पहिल्या वर्षाचा विषय मागे ओढत नेऊ नका.

मला स्वतःला दुसऱ्या वर्षाला केटी होती. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. अब्बा तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर जायचे, रात्रपाळी करून सकाळी यायचे. मी घरात सांगितलं, निकाल अजून लागला नाही. दोन आठवडे रोज हेच सांगितलं. एसटीत कुंभारीला चढणारा एक सीनियर होता. त्याने माझं तोंड बघून विचारलं, मी खिशातून चिठ्ठी काढून दिली. तो हसला. म्हणाला, "येड्या, एकच आहे. मला तीन होत्या." मग त्याने फॉर्म कुठे मिळतो, शेवटची तारीख कुठे लावतात, जुने पेपर कुणाकडे आहेत, सगळं सांगितलं. वळसंग ते सोलापूर, एका प्रवासात. मी वाचलो तो हुशारीने नाही. मला बसमध्ये एक माहितगार भेटला, म्हणून वाचलो. फुफूच्या मुलीला मी भेटलो होतो. आम्हा दोघांत फरक होता तो एवढाच.

नोकरीत हे आडवं येतं का? खरं सांगतो. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या "अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग नको" असं म्हणतात. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अजून न सुटलेला. सुटला की तो इतिहास झाला. काही कंपन्या इतिहासही विचारतात, साठ टक्क्यांची अट घालतात, हे लपवत नाही. पण मी आज मुलाखती घेतो आणि माझ्या गणिताच्या पेपरबद्दल मला आजवर दोनदाच विचारलं गेलंय. दोन्ही वेळा मी म्हणालो, हो, राहिला होता, मग सोडवला.

पण मुदतीला हलकं घेऊ नका. यूजीसीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या वर्षांपेक्षा साधारण दोन वर्षं जास्त मिळतात, अपवाद म्हणून आणखी एक. त्यानंतर दार लागतं. आणि वर्ष मागे पडलं की फीच्या सवलतींचंही गाडं अडतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशातून आलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आपल्यातले बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी ओबीसीत येतात. दाखला काढलाय का घरात? नसेल तर उद्या सकाळी तेच काम करा.

बाहेर जाणारं दार

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत लागू झालं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला आता पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडताना चार क्रेडिटचा एक व्यवसायाचा कोर्स जास्त करावा लागतो. तीन वर्षांत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. तुमची क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात.

ही चांगली सोय आहे. फुफूच्या मुलीच्या वेळी असती तर कदाचित उपयोग झाला असता. पण मला भीतीही वाटते. उद्या घरात म्हणतील, "एक साल हुआ ना, सर्टिफिकेट मिल गया ना, बस हुआ अब." पूर्वी मुलीला कॉलेज सोडायला लावणाऱ्याला निदान वाईट तरी वाटायचं. आता त्याच्या हातात सरकारी शिक्का असेल. म्हणून मुलींनो, बाहेर पडायची वेळ आलीच, तर परत यायची शेवटची तारीख कुठली ते ऑफिसात विचारून लिहून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर लावा. ज्या दिवशी बाहेर पडाल त्याच दिवशी.

आमच्या टीममध्ये अमेरिकेत शिकून आलेली एक सहकारी आहे. तिकडे बऱ्याच विद्यापीठांत "आय" अशी एक श्रेणी असते. आय म्हणजे इनकम्प्लीट. विद्यार्थ्याचं बहुतेक काम झालंय, आजारपणामुळे किंवा घरच्या संकटामुळे थोडं राहिलंय, तर एफ न देता आय देतात आणि उरलेल्या कामाला तारीख ठरवून देतात. तारीख चुकली की त्याचा एफ होतो. आपल्याकडे आयआयटीसारख्या काही संस्थांत असं आहे. तुमच्या-माझ्या कॉलेजात हे अक्षर बहुधा नसतं. मी तिला म्हणालो, किती माणुसकीची पद्धत आहे. ती म्हणाली, "आहे, पण मागावी लागते. सेमिस्टर संपायच्या आधी, लेखी. जो मागत नाही त्याला सरळ एफ मिळतो."

हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागावी लागते, हे इथेही तसंच आहे. फुफा सिव्हिलला असताना त्या पंधरा दिवसांत एक अर्ज दिला असता तर? पण अर्ज करणं आपल्याला लाजिरवाणं वाटतं. आपण सरांना जाऊन तोंडी सांगतो, सर "बघू" म्हणतात, आपण घरी येतो. तोंडी सांगितलेल्याची नोंद कुठेच राहत नाही. अर्ज लिहा, दोन प्रती करा, ऑफिसात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्या आवक क्रमांकात फार ताकद असते.

आपलं काम

२००६ साली सच्चर समितीने सांगितलं होतं की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आहे, आणि पदव्युत्तरला ५० मागे एक. हा आकडा आपण भाषणात सरकारला सुनावतो. सुनावलाच पाहिजे. शिष्यवृत्त्या बंद होतात तेव्हा बोललंच पाहिजे. पण जे आत पोचले त्यांतले किती जण एका अडकलेल्या रकान्यामुळे बाहेर आले, याचा हिशेब तर आपल्याच मोहल्ल्यात होऊ शकतो ना? त्याला कुठली समिती नको.

आपल्याकडे निकाह असला की मंडप घालायला, देग चढवायला पन्नास पोरं धावतात. परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेला एकसुद्धा नसतो. माझं मागणं छोटं आहे. विद्यापीठाचे निकाल लागले की त्यानंतरचे दहा दिवस, संध्याकाळी एक तास, गावात दोन शिकलेली माणसं एका टेबलावर बसतील. मार्कशीट बघतील. अडकलंय कुठे ते सांगतील, अर्ज लिहून देतील. ज्याच्याकडे फॉर्मचे पैसे नाहीत त्याचे भरतील. टेबल सगळ्यांसाठी, कुठल्याही समाजाच्या पोरांसाठी. मला बसमध्ये ज्याने वाचवलं त्याने माझं नाव विचारलं होतं, जात-धर्म नाही.

१९३७ साली बाबासाहेब आंबेडकर या गावात आले होते. त्यांच्या हस्ते खुली झालेली विहीर आजही आपल्या गावात आहे. ज्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी ती होती. लहानपणी आम्ही तिच्याजवळून शाळेत जायचो आणि ती फक्त एक विहीर आहे असं समजायचो. पाणी आहे, पण तिथपर्यंत जायची वाट आपल्याला नाही, ही तहान कशी असते ते मला फुफूच्या मुलीची मार्कशीट दुसऱ्यांदा वाचताना थोडंसं कळलं.

ती आज इथे बसलीय. मागच्या रांगेत. तिची परवानगी घेऊनच मी हे सगळं सांगितलं. म्हणाली, "बोलो, पन नाम मत लेना." दोन वर्षांपूर्वी तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घेतला. जुनं काहीच धरलं गेलं नाही. मुलांना शाळेत सोडून ती अभ्यास करते. मागच्या निकालात तिचा एक विषय राहिला. तिने मला मार्कशीटचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं होतं: "असाइनमेंट के मार्क चढे नहीं. अर्ज दे के आई. आवक नंबर लिया."

मला काही विचारायला तो फोटो पाठवलाच नव्हता.

पुढचा निकाल लागला की आम्ही दोघं टेबलावर बसणार आहोत. ती आणि मी. तुमच्यापैकी कुणाचं काही अडकलं तर या. आई-वडिलांना घेऊन आलात तर आणखी चांगलं, एकटे आलात तरी चालेल. फक्त कागद बरोबर आणा, आणि तो आम्ही वरपासून वाचून होईपर्यंत कुणाला काही सांगू नका.